एम्शरकडून इंद्रायणीने काय घ्यावे?

(चिंचवड येथील एका वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय मोठा भारदस्त छापला आहे : ‘निसर्गाधारित नागरी उपाययोजना आणि शहरांमधील आंतरराष्ट्रीय ज्ञानविनिमय’. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे तुम्ही नेमके कशावर बोलणार?" मी म्हटले, "दुसऱ्या गावाने आपली नदी कशी सांभाळली ते सांगायचे आणि त्यातले आपल्याला काय घेता येईल ते पाहायचे." त्या म्हणाल्या, "मग तसेच छापायचे की!" त्यांची सूचना शिरोधार्य मानून मी नदीपासूनच प्रारंभ करतो.

१९८७ सालची गोष्ट आहे. पिंपरीतील एका कारखान्यात मी कनिष्ठ अभियंता होतो. यंत्रसामग्रीच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने मला पाच महिन्यांकरिता जर्मनीतील डॉर्टमुंड या शहरी धाडले. रुहर खोऱ्यातील हे शहर म्हणजे कोळसा, पोलाद आणि बिअर यांचे माहेरघर. आपल्या भोसरी-पिंपरी-चिंचवडसारखीच एकाला एक लागून वसलेली औद्योगिक गावे, भोंगे, पाळ्या आणि डबे घेऊन निघालेले कामगार. मला परके असे वाटलेच नाही. राहत्या खोलीपासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर एक पूल लागे. त्याच्याखाली सिमेंटच्या फरशांनी बांधून काढलेली एक सरळसोट चारी होती. तिच्यातून काळसर पाणी वाहत असे आणि उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावल्यावाचून पूल ओलांडणे कठीण होई. दोन्ही बाजूंना उंच जाळीचे कुंपण आणि आत उतरल्यास जिवाला धोका असल्याच्या पाट्या.

एके दिवशी मी आमच्या वयस्कर फोरमनला विचारले, "या शहराची नदी कोठे आहे?" तो म्हणाला, "आपण रोज तिच्यावरून येतो ना, ती एम्शर." पुढे जरा संकोचून त्याने सांगितले की, अशा ओढ्यांना इकडचे लोक ‘क्योटेलबेके’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ त्याला इंग्रजीत सांगता येईना. अखेर त्याने शेळी आणि ससा यांची नावे घेऊन हातवारे केले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेंडीनाला! सात समुद्रापलीकडच्या कामगाराने आपल्या ओढ्याला तेच नाव ठेवले होते, जे आपल्याकडे गावोगावी ठेवलेले आहे.

त्या वेळी मला मनातून थोडा अभिमान वाटला, हे आज प्रांजळपणे सांगतो. जर्मनीला निघण्यापूर्वी मी आईला देहूला घेऊन गेलो होतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिने इंद्रायणीचे पाणी ओंजळीत घेतले, डोळ्यांना लावले आणि प्यायली. आमच्याकडे नदीला आई म्हणतात, आम्ही तिच्याभोवती कुंपण घालीत नाही, असे मी त्या फोरमनला ऐकवलेही.

२०२३ मध्ये मुलीच्या नोकरीमुळे पुन्हा जर्मनीत जाण्याचा योग आला. मुद्दाम वाट वाकडी करून मी डॉर्टमुंडला गेलो. कुंपण नव्हते. चारी नव्हती. वळणे घेत जाणारा एक स्वच्छ प्रवाह होता, काठाशी वाळुंजाची झुडपे होती आणि शाळेतली मुले सायकली आडव्या टाकून पाण्यात दगड फेकत बसली होती. आणि आपल्याकडे? गेल्या काही वर्षांत कार्तिकी वारीच्या दिवसांत आळंदीच्या घाटाजवळ इंद्रायणीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे तुम्ही सर्वांनी वृत्तपत्रांत पाहिली आहेत. माउलींच्या दर्शनाला आलेला वारकरी त्याच पाण्यात स्नान करतो. तो फेस म्हणजे साबण आणि डिटर्जंट यांचे अंश मिसळलेले सांडपाणी होय. बंधाऱ्यावरून ते खाली कोसळले की घुसळले जाते आणि फेसाळते. म्हणजे बंधारा निर्दोष आहे. दोष वरून येणाऱ्या पाण्यात आहे.

छत्तीस वर्षांत या दोन नद्यांनी आपल्या जागांची अदलाबदल केली. ती कशी झाली, हे समजून घेण्यासाठी मी आज उभा आहे.

एम्शरची कथा थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात रुहर खोऱ्यात खाणी आणि पोलादाचे कारखाने वाढले, लोकवस्ती अफाट झाली आणि सर्वांचे सांडपाणी या छोट्याशा नदीत येऊ लागले. खाणींमुळे जमीन ठिकठिकाणी खचत असल्याने जमिनीखाली गटारे टाकणे अशक्य होते. टाकलेले नळ फुटत. पूर यावा, घाण पाणी घरांत शिरावे आणि विषमज्वर व पटकीच्या साथी याव्यात, असे चक्र चालू होते. तेव्हा १८९९ साली नदीकाठची शहरे, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक संस्था स्थापन केली. तिचे नाव ‘एम्शरगेनोसेनशाफ्ट’. उच्चाराला जड आहे, पण अर्थ आपल्या घरचा आहे. ‘गेनोसेनशाफ्ट’ म्हणजे सहकारी संस्था. १९०४ साली प्रशियाच्या राज्याने विशेष कायदा करून तिला अधिकार दिले. या सहकारात एक कडक अट होती. सदस्यत्व ऐच्छिक नव्हते. नदीच्या खोऱ्यात असणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आणि उद्योगाने सदस्य व्हायचेच, आणि नदीवर जेवढा भार टाकाल त्या प्रमाणात वर्गणी भरायची.

या संस्थेने आरंभी काय केले, तर नदीला सिमेंटच्या चारीत घातले. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे तेच योग्य होते आणि साथी आटोक्यात आल्या हेही खरे आहे. पण नदी मेली. पुढे खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली आणि भूमिगत वाहिन्या टाकणे शक्य झाले, तेव्हा त्याच संस्थेने आपल्याच पूर्वजांचे काम मोडून काढण्याचा निर्णय घेतला. १९९२ मध्ये काम सुरू झाले. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटर लांबीची मुख्य मलवाहिनी जमिनीखाली घालण्यात आली. काही ठिकाणी ती ४० मीटर खोल आहे. नवी शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी येणे पूर्णतः थांबले. सुमारे तीस वर्षे आणि जवळजवळ साडेपाचशे कोटी युरो एवढा हा व्याप होता. सरकारे बदलली, महापौर बदलले, चलनसुद्धा मार्कचे युरो झाले, तरी काम थांबले नाही.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू देऊ नका. झाडे, वळणे, ओलसर कुरणे, बेडूक आणि पक्षी हे सारे त्या प्रवाहात आले, पण ते शेवटी आले. ज्या ज्या उपनाल्यातले सांडपाणी बंद झाले, त्या त्या नाल्याच्या फरशा उखडण्यात आल्या आणि मग त्याला मोकळे सोडण्यात आले. आपल्याकडे नदी म्हटले की पहिला ठराव सुशोभीकरणाचा होतो. दिवे, कठडे, बाकडी, सेल्फीसाठी जागा. घाण नाकाखालून वाहत असताना काठावर संगमरवर बसवणे म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावण्यासारखे आहे. (हशा) आपण हसता, पण या अत्तराच्या निविदा निघतात.

आता इंद्रायणीकडे येऊ. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे ती उगम पावते, मावळातून येते, देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांना स्पर्श करते आणि तुळापूरला, जेथे धर्मवीर संभाजी महाराजांची स्मृती जागती आहे, तेथे भीमेला मिळते. तिच्या उजव्या काठावर तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव, चऱ्होली ही आपल्या महानगरपालिकेतील गावे आहेत. डाव्या काठावर निघोजे, कुरुळी, चिंबळी ही गावे, आणि त्यांच्यामागे चाकणचा अवाढव्य औद्योगिक पट्टा. या चाकणच्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शायिस्तेखानाच्या फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवले. आज तेथे जर्मन, कोरियन, अमेरिकी आणि भारतीय कारखान्यांत वाहने आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात.

या नदीचा मालक कोण? वर लोणावळा आणि तळेगावच्या नगरपरिषदा, मग देहू, मग आमची महानगरपालिका, आळंदी आणि चाकणच्या नगरपरिषदा, मधल्या ग्रामपंचायती, औद्योगिक विकास महामंडळ, २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, पाटबंधारे खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येकाकडे आपल्या हद्दीचा नकाशा आहे. घाण मात्र नकाशा वाचत नाही. उजव्या काठाला विचारावे तर तो डाव्याकडे बोट दाखवतो आणि आळंदीकर दोघांकडे बघत बसतात. मी कोणा एका कार्यालयाला दोष देत नाही. त्या त्या खुर्चीवर बसलेला अधिकारी आपल्या हद्दीपुरते प्रामाणिकपणे काम करत असेलही. पण नदी हद्दींची बनलेली नाही.

तेव्हा एम्शरकडून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे एक नदी, एक संस्था, आणि तिच्यात सर्वांना सक्तीचे सदस्यत्व. सुशोभित काठाचे चित्र नंतर बघू. कोणी म्हणेल, हे जर्मन शिस्तीला जमले, आपल्याला कसे जमणार? धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत आठवा. एका बंधाऱ्याखालचे सारे शेतकरी मिळून पीक ठरवत, पाटाची सफाई करत, पाटकरी आणि जागल्या नेमत आणि त्यांना धान्याच्या रूपाने वेतन देत. टंचाईच्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यायचे, तेही एकत्र बसून ठरे. पाण्याभोवती संस्था उभारण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. ती आपण पाटापुरती वापरली, गटारापुरती वापरायची राहिली.

शहरांनी शहरांकडून शिकावे, ही कल्पनाही आपल्या भागाला नवी नाही. पुणे आणि जर्मनीतील ब्रेमेन यांचे नाते चार दशकांहून जुने आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. जपानमधील ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून ते साकारले आणि तेथील तीनशे वर्षांच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर त्याची रचना झाली. तेथे गेले की मन प्रसन्न होते. परंतु उद्यान ही चार भिंतींतील गोष्ट आहे. नदी, ओढा, टेकडी यांच्या बाबतीत नक्कल करणे इतके सोपे नाही.

नकलेचे फळ काय मिळते, ते पाहायचे असेल तर उन्हाळ्यात पवनेच्या काठी जा. मोरया गोसावींच्या समाधीसमोर वाहणारी पवना हिरवीगार दिसेल. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आणली गेली असे सांगतात. सांडपाण्यावर ती पोसते आणि पाण्यावर झाकण घालते. खाली प्राणवायू उरत नाही, वर डासांची पैदास होते. दरवर्षी ती काढण्यावर पैसा खर्च होतो आणि पावसाळा सरून काही महिने लोटले की ती पुन्हा हजर होते. हाही एक आंतरराष्ट्रीय विनिमयच म्हणायचा! आपल्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडे मध्य अमेरिकेतील. वाढतात भराभर, पण त्यांच्याखाली आपले गवत नीट उगवत नाही आणि आपले पक्षीही तेथे फारसे रमत नाहीत.

याच्या उलट उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथील बिशान उद्यानाच्या कडेने कल्लांग नदी सिमेंटच्या चारीत वाहत असे. २००९ ते २०१२ या काळात सुमारे २.७ किलोमीटरची ती सरळ चारी काढून ३.२ किलोमीटरचा नागमोडी प्रवाह करण्यात आला. मुसळधार पाऊस आला की उद्यानाची कुरणे नदीचे पात्र होतात, पाणी ओसरले की लोक पुन्हा फिरायला येतात. आराखडा जर्मन वास्तुरचनाकारांचा होता. पण त्यांनी आल्प्सच्या पायथ्याची विद्या उचलून विषुववृत्तावर चिकटवली नाही. आधी एका ओहोळाच्या सुमारे ६० मीटरच्या तुकड्यावर काठ बांधण्याच्या दहा निरनिराळ्या रीती आणि तेथील स्थानिक वनस्पती लावून चाचणी घेतली. जे टिकले तेच मोठ्या प्रमाणावर केले. साठ मीटर! आपली एखादी महापालिका साठ मीटरसाठी थांबेल का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

मुळा नदीच्या काठासाठी साबरमतीचा नमुना डोळ्यांसमोर ठेवण्यात आला. साबरमतीचा काठ पाहताना मलाही आनंद झाला होता, तो मी लपवणार नाही. अहमदाबादच्या नागरिकाला त्याने फिरायला मोकळी जागा दिली. परंतु तेथे दिसणारे पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून येते आणि ती नदी विस्तीर्ण वाळूच्या पात्राची. आपल्या नद्या सह्याद्रीतून येणाऱ्या, पावसाळ्यात एका रात्रीत चढणाऱ्या आणि उन्हाळ्यात खडकांतल्या डोहांत उरणाऱ्या. त्यांचे काठ आवळले तर पाणी कोठे जाईल? २०२५ च्या फेब्रुवारीत राम-मुळा संगमाजवळची झाडे वाचवण्यासाठी नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांतील अनेक जण विकासाचे विरोधक नव्हते. विकासाचे काम करणाऱ्यांनी त्यांच्याशी बसून बोलायला हवे होते आणि अजूनही बोलावे, असे मला मनापासून वाटते.

निसर्गाधारित उपाय म्हणजे जादू नव्हे, हेही अभियंता या नात्याने सांगितले पाहिजे. १९५० च्या दशकात जर्मनीत कॅथे सायडेल या विदुषीने पाणवनस्पतींच्या मुळांशी सांडपाणी शुद्ध होते, याचे प्रयोग केले. आज नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत त्याच तत्त्वावर चालते. खडीच्या वाफ्यातून पाणी संथ जाते, कर्दळ आणि पाणकणीस यांच्या मुळांशी असलेले जीवाणू घाण खातात, वीज जवळजवळ लागत नाही. मग सर्व शहराचे पाणी असेच का शुद्ध करू नये? सोपा हिशेब करा. उष्ण प्रदेशात ढोबळमानाने माणशी एक ते दोन चौरस मीटर वाफा लागतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती. त्या वेळच्या लोकसंख्येलाच १७० ते ३५० हेक्टर जागा लागली असती. ती आता कोठून आणणार? महानगराला यांत्रिक शुद्धीकरण केंद्रांवाचून तरणोपाय नाही. पण चिंबळी किंवा निघोजे यांसारख्या गावाचे गणित वेगळे आहे. पाच हजार वस्तीला अर्धा ते एक हेक्टर पुरतो, आणि तेवढे गायरान अनेक गावांत असते. आज ते आहे, उद्या तेथे गोदाम उभे राहील.

कारखान्यांविषयी एक सावधगिरी. विद्युत विलेपन करणाऱ्या छोट्या शेडमधून येणारे क्रोमियम आणि निकेल कर्दळ खाऊन टाकत नाही. ते मुळांत आणि गाळात साठते. त्याची सोय कारखान्यातच रसायनाने करावी लागते. आपल्यापैकी अनेकांचे असे छोटे उद्योग आहेत. मीही निवृत्तीनंतर एका मित्राच्या शेडमध्ये दोन वर्षे बसत असे. खर्च परवडत नाही, हे खरे असते. म्हणूनच चार शेड मिळून एक सामाईक व्यवस्था हवी. पुन्हा सहकारच!

आता थोडे झाडांविषयी. कारखान्यांच्या आवारात आजकाल ‘मियावाकी’ वन लावण्याची लाट आहे. प्रा. अकिरा मियावाकी जन्माने त्याच ओकायामा प्रांताचे. २०२१ मध्ये ते निवर्तले. तरुणपणी ते जर्मनीत राइनहोल्ड ट्युक्सेन यांच्याकडे शिकले. एखाद्या भूमीवर माणसाचा हात लागला नसता तर कोणती झाडे उगवली असती, हा प्रश्न विचारायला ते तेथे शिकले. उत्तर मात्र त्यांनी मायदेशी शोधले. जपानमधील शिंतो मंदिरांभोवती राखलेली वने त्यांनी पाहिली, त्यांतील झाडांची नोंद केली आणि १९७० च्या दशकात ओइता येथील पोलाद कारखान्याभोवती त्याच झाडांचे वन उभे केले. बंधूंनो, ही मंदिरवने म्हणजे आपली देवराई! मावळ, मुळशी, जुन्नर आणि खेड तालुक्यांत, भीमाशंकरच्या परिसरात त्या आजही आहेत. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर लिहिलेला शोधनिबंध जगभर वाचला गेला. आपल्या आजीने देवाच्या भयाने कुऱ्हाड लावली नाही. तिने राखलेले ते वन आज शास्त्रज्ञाला नमुना म्हणून उपयोगी पडते.

परंतु चाकणच्या माळावर देवराईतली झाडे चौरस मीटरला तीन-चार अशी दाटीने लावणे म्हणजे मियावाकींचेच सूत्र मोडणे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस चाकणला येईपर्यंत ओसरलेला असतो. येथे मुरूम आहे, गवत आहे, बाभूळ, हिवर, बोर, खैर आहे. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रग्रंथ आणि लोकगीते यांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले आणि पश्चिम महाराष्ट्राचे पठार किमान साडेसातशे वर्षांपासून असेच गवताळ व काटेरी आहे, ते उजाड झालेले जंगल नव्हे, असे दाखवले. आपल्या संतसाहित्याच्या आणि लोकवाङ्मयाच्या पोथ्या पर्यावरणाचा पुरावा म्हणून उभ्या राहिल्या! तेव्हा चाकणच्या कारखानदाराने आधी आपल्या आवारातले गवत ओळखावे आणि मग खड्डे खणावेत.

देण्यासारखे आपल्याकडे आणखीही आहे. उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतातील पाणलोटाच्या कामांतून त्याचा प्रसार केला आणि आज अनेक उष्ण देशांत रस्त्याच्या उतारांवर तो लावला जातो. पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी, सुमारे साडेबारा हजार हेक्टर, महानगराचे सांडपाणी घेते आणि मासे, भात, भाजी परत देते. ती पद्धत तेथील कोळी आणि शेतकऱ्यांनी घडवली. डॉ. ध्रुवज्योती घोष यांनी तिचे शास्त्र जगापुढे मांडले आणि २००२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जर्मनीहून शिष्टमंडळ आले तर त्याला केवळ कारखाने दाखवू नका. भीमाशंकरची देवराईही दाखवा.

आता कटू विषय. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानेही आदेश कायम ठेवला होता. त्यांतील कुटुंबे तुमच्या-आमच्यासारखीच मध्यमवर्गीय. आयुष्याची पुंजी त्यांनी त्या भिंतींत घातली होती. त्यांच्याविषयी मला कणव वाटते. पण पूररेषा चुकीची होती, असे मी म्हणणार नाही. नेदरलँडसारख्या देशाने, ज्याने शेकडो वर्षे बांध घालून समुद्र मागे ढकलला, त्यानेही या शतकाच्या आरंभी ‘नदीसाठी जागा’ हा कार्यक्रम हाती घेतला. तीसहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवले, पात्रे रुंद केली आणि काही शेतकऱ्यांना आधी बोलून, मोबदला देऊन हलवले. तेथे माणसांशी बोलणे आधी झाले, आपल्याकडे यंत्र आधी पोहोचले. चिखलीच्या त्या भूखंडांची विक्री होत होती तेव्हा निळी रेषा कोणी कोणाला दाखवली होती, हा प्रश्न तेथील प्रत्येक कुटुंबाने विचारला आहे.

जर्मनीचेही सर्व सोनेरी नाही. डॉर्टमुंडला माझ्या वेळी हॉर्डे भागात पोलादाची प्रचंड भट्टी धगधगत असे. ती २००१ मध्ये बंद पडली, यंत्रे चीनला गेली आणि त्या जागी आता २४ हेक्टरांचा फिनिक्स तलाव आहे. फार सुंदर. काठावरच्या घरांच्या किमती मात्र अशा चढल्या की, त्या भट्टीवर घाम गाळणाऱ्या कामगाराचा नातू तेथे राहू शकत नाही. चीनने ‘स्पंज शहरां’चा गाजावाजा केला. त्यांपैकी एक झेंगझोऊ. तेथे २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि सारी शोषणशक्ती अपुरी पडली. परदेशी गेलेल्या आपल्या शिष्टमंडळांनी यजमानांना ‘काय साधले?’ या प्रश्नाबरोबर ‘काय चुकले?’ हाही प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या माहितीपत्रकात असतेच.

पैसा नाही, ही सबब आता पूर्वीसारखी चालणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या महापालिकेने २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे उभारले. निगडी-प्राधिकरण परिसरातील ‘हरित सेतू’ हा पादचारी आणि सायकलींचा प्रकल्प त्यांतून व्हायचा आहे. उपक्रम चांगला आहे. याच मार्गाने नदीच्या खोऱ्यासाठी, दोन्ही काठांच्या सामाईक वाहिनीसाठी रोखे का उभारू नयेत? त्यासाठी रोखे काढणारी एक संस्था मात्र हवी. ती आज नाही. ती विधिमंडळाच्या कायद्यानेच होईल, आणि कायदा होण्यासाठी काठावरच्या लोकांनी आधी आपल्या नदीची माहिती जमवायला हवी.

म्हणून एक सूचना करून थांबतो. हे दिवस उन्हाळ्याचे आहेत. या दिवसांत ओढ्यात जे वाहते ते पावसाचे पाणी नसते. येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता एक तुकडी मोशीच्या पुलापासून उजव्या काठाने चऱ्होलीच्या दिशेने निघेल, दुसरी चिंबळीहून डाव्या काठाने. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा, प्रत्येक नळ यांची नोंद करायची : पाणी वाहते का, रंग कोणता, वास कसला, फेस आहे का, वर कोणती वस्ती अथवा कारखाने आहेत. छापील वह्या दाराशी ठेवल्या आहेत, त्यांत नावे नोंदवावीत. दोन्ही तुकड्या दहाच्या सुमारास आळंदीत भेटतील आणि वह्या एकत्र करतील. पायांत जुने बूट घाला, सोबत पिण्याचे पाणी आणा. चिंबळीच्या बाजूला अजून माणसे कमी आहेत. तिकडच्या कोणाची ओळख असेल तर आज जाताना सांगून जा.